न आलेल्या माणसाचा हक्क

सुरत-भुसावळ मार्गावर नवापूर नावाचे स्टेशन आहे. महाराष्ट्र आणि गुजरात यांची हद्द या स्टेशनाच्या मधूनच जाते. फलाटावरचा एक बाक तर असा, की त्याचे एक टोक नंदुरबार जिल्ह्यात आणि दुसरे तापी जिल्ह्यात. येणारे-जाणारे गंमत म्हणून त्यावर बसून फोटो काढतात. दारूच्या दृष्टीने पाहिले म्हणजे मात्र हा बाक गमतीचा राहत नाही. १९४९ साली तेव्हाच्या मुंबई प्रांताने दारूबंदीचा कायदा केला. १ मे १९६० रोजी राज्याची वाटणी झाली आणि तोच एक कायदा दोन्ही घरी गेला. एका घरी तो सैलावला, दुसऱ्या घरी आवळत गेला. महाराष्ट्रात त्याच कायद्याखाली परवाना घेऊन पिता येते. गुजरातेत प्रकृतीच्या कारणाने मिळणारा परवाना आणि असे काही अपवाद सोडले, तर पिणे हाच गुन्हा. तेव्हा बाकाच्या एका टोकाला बसलेल्या पिणाऱ्याला लोक बेवडा म्हणतील आणि दुसऱ्या टोकाला बसलेल्याला पोलीस आरोपी म्हणतील. माणूस तोच, बाटलीही तीच.

बंदीमुळे दारू संपली, असे अर्थातच नाही. २००९ साली अहमदाबादेत आणि २०२२ साली बोटाद भागात विषारी दारूने माणसे दगावली. २०१६ च्या सप्टेंबरात तर आपल्या पलसाणा तालुक्यातल्या वरेली गावातच तो प्रकार घडला. रंगाई-छपाईची प्रोसेस हाउसे, चलथाणचा साखर कारखाना, कडोदऱ्याचा नाका आणि मुंबईहून अहमदाबादकडे धावणारा महामार्ग, असा हा तालुका. खानदेशातून आलेली मराठी माणसे, ओरिसा-बिहारकडचे कामगार आणि ऊसतोडीला आलेली डांगी कुटुंबे इथे एकाच रस्त्यावर भाजी घेतात. पाळ्या बारा-बारा तासांच्या, खोल्या लहान, आणि थकव्यावर औषध म्हणून काय मिळते ते सर्वांना ठाऊक आहे. ते कोठे मिळते तेही ठाऊक आहे. फक्त मोठ्याने बोलायचे नसते.

पिणारा लपतो हे समजण्यासारखे आहे. प्रश्न पुढचा आहे. ज्याने दारू सोडली त्याने का लपावे? चांगली गोष्ट केली, तर ती चारचौघांत सांगायला काय हरकत? आणि एखाद्याने आपल्या मित्राची ही चांगली गोष्ट कौतुकाने चारचौघांत सांगितली, तर त्याने पाप केले की पुण्य? पूर्वी हा प्रश्न चावडीपुरता आणि चाळीपुरता होता. आता प्रत्येकाच्या खिशात फोन आहे आणि फोनमध्ये साऱ्या भाऊबंदकीची चावडी भरलेली आहे. म्हणून तो नव्याने विचारात घेतला पाहिजे.

*

दारू सोडण्यासाठी एकमेकांना हात देणाऱ्या, फी न घेणाऱ्या, डॉक्टर-पुढारी नसलेल्या मंडळींची जगभर पसरलेली एक संघटना आहे. तिचे नावच मुळी 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस', म्हणजे अनामिक मद्यपी. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातील ॲक्रन गावी, १० जून १९३५ हा तिचा जन्मदिवस मानतात. न्यूयॉर्कचा शेअरदलाल बिल विल्सन आणि ॲक्रनचा शल्यविशारद डॉक्टर बॉब स्मिथ हे तिचे दोघे संस्थापक. १९५७ साली दिल्लीत तिची भारतातली पहिली बैठक भरू लागली. पुढे मुंबई, गोवा, पुणे असे करत ती गावोगाव गेली. गुजरातेतही तिचे गट आहेत. मादक द्रव्यांच्या व्यसनींसाठी 'नार्कोटिक्स ॲनॉनिमस' आणि घरच्या माणसांसाठी 'अल-ॲनॉन' अशा तिच्या भावंड-संस्थाही आहेत.

नाव न सांगण्याचा हा नेम मुळात कशासाठी आला, हे पाहण्यासारखे आहे. १९३९ साली या मंडळींनी आपले अनुभव पुस्तकरूपाने काढले, तेव्हा ती जेमतेम शंभर होती. पुस्तकावर लेखकाचे नाव नाही. कारण अगदी साधे दिले होते: आम्ही थोडे आहोत, सगळे पोटापाण्याच्या मागे आहोत, नावे छापली तर मदत मागणाऱ्यांचा लोंढा आम्हाला पेलणार नाही. दुसरे कारण प्रत्येकाच्या मनात होतेच. नोकरी जाईल, पत जाईल, लोक नावे ठेवतील. म्हणजे सुरुवातीला अनामिकता हा आडोसा होता. पावसात माणूस झाडाखाली उभा राहतो तसा.

त्याच सुमारास मोह आला. १९४० मध्ये क्लीव्हलँडच्या बेसबॉल संघातल्या रॉली हेम्सली या नामांकित खेळाडूने आपण या मंडळींमुळे दारू सोडली, असे वर्तमानपत्रांतून जाहीर केले. संघटनेचे नाव झाले, लोक आले. ते पाहून खुद्द बिल विल्सननेही मुलाखती आणि फोटो देण्याचा सपाटा लावला. पुढे त्यानेच लिहून कबूल केले, की त्या दिवसांत आपल्याला प्रसिद्धीचीच नशा चढली होती. मुद्दा असा, की एकाने नाव सांगितले म्हणजे दुसऱ्यालाही सांगावेसे वाटते. आणि जो मंचावर चढला तो पुन्हा प्यायला लागला, तर लोक म्हणणार, बघा, याचा काही उपयोग नसतो. त्या एका माणसाच्या पडण्याची किंमत घराच्या कोपऱ्यात बसून 'जाऊ का तिकडे?' असा विचार करणाऱ्या दहाजणांनी मोजायची.

याच्या उलट उदाहरण १९४१ चे आहे. 'सॅटरडे ईव्हनिंग पोस्ट' या खपाच्या साप्ताहिकात १ मार्चच्या अंकात जॅक अलेक्झांडर या पत्रकाराने या मंडळींवर मोठा लेख लिहिला. काम कसे चालते, माणसे कशी सावरतात हे त्यात सविस्तर होते. सभासदांची खरी ओळख नव्हती. वर्षारंभी जे सुमारे दोन हजार होते, ते वर्षअखेर आठ हजारांच्या घरात गेले. गोष्ट पोचली आणि नावे घरीच राहिली. या दोन अनुभवांतून जे शहाणपण आले, ते १९४६ मध्ये परंपरा म्हणून लिहिले गेले आणि १९५० साली क्लीव्हलँडच्या अधिवेशनात स्वीकारले गेले. वर्तमानपत्र, रेडिओ, चित्रपट यांच्या पातळीवर सभासदाने आपली सभासद म्हणून ओळख देऊ नये, हा त्याचा एक भाग. आणि अनामिकता हाच या कामाचा आध्यात्मिक पाया, तत्त्व आधी आणि व्यक्ती नंतर, हा दुसरा. आडोशाचे आता व्रत झाले होते. १९५४ मध्ये येल विद्यापीठाने देऊ केलेली सन्माननीय पदवी बिलने नाकारली. डॉक्टर बॉबच्या आणि त्याच्या पत्नीच्या थडग्यावर या संघटनेचा उल्लेखसुद्धा नाही.

परंपरा लिहिणाऱ्यांना इंटरनेट ठाऊक नव्हते. पण संघटनेने पुढे आपला अर्थ स्पष्ट केला आहे: जे पान कोणालाही पाहता येते, ते वर्तमानपत्रासारखेच धरावे.

*

इथे कोणी म्हणेल, हे सारे अमेरिकेचे झाले. आपल्याकडे तर व्रत उघडच घ्यायचे असते. आणि ते खरेही आहे. वारकरी गळ्यात तुळशीची माळ घालतो ती साऱ्या गावाला दिसावी म्हणूनच. 'तो माळकरी आहे' एवढे म्हटले, की त्याला ग्लास पुढे करण्याची कोणाची छाती होत नाही. शेजारच्या गुजराती घरात कंठी बांधतात, तिचे कामही तेच. इथे गाव हाच पहारेकरी असतो.

याहून मोठे उदाहरण आपल्या याच मुलखातले आहे. १९२२ साली मुंबईच्या उत्तरेकडच्या किनाऱ्यावरच्या कोळी वस्त्यांतून एक देवी निघाली. पालघर, डांग, खानदेश असे करत त्या वर्षाच्या नोव्हेंबरात ती सुरत जिल्ह्यात पोचली. सलाबाई तिचे नाव. ती अंगात आलेल्यांच्या तोंडून बोले: दारू-ताडी सोडा, मांस सोडा, रोज अंघोळ करा, दारूच्या गुत्तेदाराकडे कामाला जाऊ नका. चौधरी, गामीत, कोकणा अशा आदिवासी गावांनी गावेच्या गावे दारू टाकली. पलसाणा तेव्हा बडोद्याच्या गायकवाडी राज्यातल्या नवसारी प्रांताचे महाल होते. आजूबाजूच्या इंग्रजी आणि गायकवाडी मुलखावरून ही लाट गेली. डेव्हिड हार्डिमन या इतिहासकाराने १९८७ साली तिच्यावर एक संपूर्ण ग्रंथ लिहिला आहे. ही चळवळ लपून झाली नाही. उघड्या माळावर, सर्वांसमक्ष झाली.

मग सर्वांसमक्ष झालेली शपथ श्रेष्ठ की बंद खोलीतले बोलणे? या चळवळीचाच पुढचा भाग पाहिला म्हणजे उत्तराची दिशा सापडते. लाट ओसरल्यावर काहीजण नेमाला चिकटून राहिले, काही जुन्या वाटेला परतले. आणि गावागावांत 'वरजेला' आणि 'सरजेला' असे दोन तट पडले: ज्यांनी सोडली ते आणि ज्यांनी पुन्हा धरली ते. म्हणजे उघड व्रताने जो टिकला त्याला बळ दिले. पण जो घसरला त्याच्या कपाळावर शिक्काही मारला. व्यसनाच्या बाबतीत घसरणे हा अपवाद नसतो. सोडणाऱ्यांतले पुष्कळजण एकदा तरी घसरतात आणि पुन्हा उठतात. तेव्हा जी व्यवस्था घसरलेल्याला परत यायला दार ठेवते, ती त्याच्या उपयोगाची. ज्याने गावासमोर माळ घातली आणि नंतर काढली, त्याला पुन्हा घालताना दुप्पट लाज ओलांडावी लागते. बंद खोलीतल्या बैठकीत मात्र घसरलेला माणूस मान खाली घालून आला, तरी लोक सरकून जागा देतात आणि चहा पुढे करतात. बाहेर कोणाला त्याचे जाणे माहीत नसते, म्हणून येणेही सांगावे लागत नाही.

आपल्या शास्त्रकारांनाही हा भेद अपरिचित नव्हता. पापाच्या शुद्धीच्या साधनांत त्यांनी 'ख्यापन' म्हणजे पाप बोलून दाखवणे सांगितले आहे. पण त्यांनीच प्रायश्चित्ताचे दोन वर्गही केले: लोकांना ठाऊक असलेल्या पापासाठी पर्षदेपुढचे प्रकाश-प्रायश्चित्त आणि कोणाला ठाऊक नसलेल्या पापासाठी रहस्य-प्रायश्चित्त. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासात याची विस्ताराने चर्चा आहे. बौद्ध भिक्षूंचा विनय याहून एक पाऊल पुढे जातो. उपोसथाच्या दिवशी भिक्षूने आपला दोष संघात सांगायचा. पण दुसऱ्या भिक्षूचा गंभीर दोष संघाच्या संमतीवाचून बाहेरच्या माणसाला सांगितला, तर सांगणाराच दोषी ठरतो. दोन-अडीच हजार वर्षांपूर्वी या मंडळींना कळले होते, की माणूस खरे तेव्हाच बोलतो, जेव्हा आपले बोलणे या भिंतींपलीकडे जाणार नाही अशी त्याची खात्री असते.

व्रत आणि कबुली या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे यावरून ध्यानात यावे. व्रत पुढच्या काळाबद्दल बोलते: मी पिणार नाही. कबुली मागच्या काळाबद्दल बोलते: मी बायकोचे मंगळसूत्र गहाण टाकले, मुलीच्या फीचे पैसे उडवले. व्रत चारचौघांत शोभते. कबुलीला भिंत लागते.

*

आता नावाकडे येऊ. मराठीत नावाचे व्यवहार फार नाजूक आहेत. मुलगा बापाचे नाव काढतो किंवा घालवतो. लोक बारशाला नाव ठेवतात आणि पुढे जन्मभर नावे ठेवतात. आणि आपल्याकडे नावापाठोपाठ आडनाव येते. लिंबायतेतल्या किंवा कडोदऱ्यातल्या एखाद्याने आपले आडनाव सांगितले, की ऐकणारा पुढच्या दोन वाक्यांत त्याची जात, तालुका आणि मामाचे गाव काढतो. गुजराती शेजाऱ्यालाही आडनावावरून पटेल कोण, देसाई कोण, राठोड कोण हे कळते. म्हणजे अमेरिकेत आडनाव गाळले तर ओळख झाकली जाते. आपल्याकडे आडनाव गाळले तर जात गळते.

ही मला या नेमाची सर्वांत मोलाची बाजू वाटते. बैठकीत माणूस आपले पहिले नाव सांगतो आणि आपण मद्यपी आहोत असे सांगतो, बस्स. गिरणीचा मालक आणि त्याच्या रंगखात्यातला कामगार प्लास्टिकच्या सारख्याच खुर्च्यांवर बसतात. दोघांनाही एकच गोष्ट आज रात्रीपर्यंत टाळायची असते. तिथे मालकाचा अनुभव कामगारापेक्षा वजनदार नसतो; उलट दहा वर्षे न प्यालेला कामगार काल आलेल्या मालकाला धीर देतो. नाव झाकण्याला भित्रेपणा म्हणणारे हे विसरतात, की या समाजात समान पातळीवर बसायचे तर नावच आधी खाली ठेवावे लागते.

*

फोनने यात काय बदलले? चहाडी पूर्वीही होतीच. पण तोंडी चहाडीला काही मर्यादा असतात. ती सांगताना सांगणाऱ्याची पतही पणाला लागते, ती हळूहळू विरते, आणि ऐकणारा 'असेल, नसेल' म्हणून सोडूनही देतो. फोटोला ही मर्यादा नाही. तो पुरावा म्हणूनच जन्माला येतो, त्याच्या हजार प्रती निघतात, आणि दहा वर्षांनी मुलीचे स्थळ पाहताना कोणीतरी तो शोधून काढतो. पूर्वी सुरतेची बातमी नंदुरबारला न्यायला ताप्ती लाइनची गाडी लागे. आता पलसाण्यात केक कापला, तर शिरपूरच्या आत्याला तो कापून होण्याआधी दिसतो.

समजा, एका प्रोसेस हाउसमधला फिटर बारा महिने दारूवाचून राहिला. गटाने त्याचा पहिला वाढदिवस केला. अशा गटांत सोडल्याच्या दिवसापासून वर्षे मोजतात. त्याला पदक दिले, टाळ्या झाल्या, कोणीतरी हौसेने फोटो काढला आणि 'आमच्या भावाचा अभिमान' असे लिहून फेसबुकवर टाकला. हेतूत काही खोट नाही. पण त्या फोटोत फिटरच्या मागे आणखी सहाजण उभे आहेत. त्यांतला एक शाळेत शिक्षक आहे, एकाची जामिनाची तारीख आहे, एकाच्या घरी मुलीला पाहायला पाहुणे यायचे आहेत, आणि एक त्याच दिवशी पहिल्यांदा आलेला आहे. फिटरने स्वतःपुरती परवानगी दिली, असे धरले तरी या सहांच्या वतीने ती कोणी दिली?

व्हॉट्सॲपच्या गटाची गोष्ट अशीच. बैठकीच्या वेळा कळाव्यात म्हणून गट काढतात. ज्या क्षणी नव्या माणसाला त्यात घेतले, त्या क्षणी त्याचा नंबर आणि त्याने लावलेला मुलाबाळांचा फोटो पन्नासजणांना दिसू लागतो. गटाचे नाव उघड ठेवले असेल, तर बायको-मुलांच्या हातातल्या फोनवर तेच नाव झळकते. कोणी स्क्रीनशॉट काढला तर गटाला पत्ताही लागत नाही. फेसबुक एका गटातल्या माणसांना 'तुमच्या ओळखीचे असतील' म्हणून एकमेकांपुढे आणते. अनोळखी नंबरचे नाव सांगणारी ॲपे लोकांच्या फोनबुकांतूनच नावे गोळा करतात. कोणी आपल्या मित्राचा नंबर नावापुढे 'ए. ए.' लिहून जपून ठेवला असेल, तर ती दोन अक्षरे उद्या त्याच्या मुकादमाच्या पडद्यावर उमटू शकतात. २०२० च्या टाळेबंदीत बैठका फोनवर सुरू झाल्या. त्यांनी कित्येकांना तगवले, हे मान्य केलेच पाहिजे. पण एका खोलीच्या घरात मोबाइलच्या स्पीकरवर दुसऱ्याची कबुली शेजारच्या पलंगावरचा मेहुणा ऐकत असेल, तर भिंत उरली कोठे?

गुजरातेत याला आणखी एक धार आहे. इथे 'मी परवापर्यंत पीत होतो' हे वाक्य म्हणजे गुन्ह्याची कबुली. एवढ्यावरून कोणी खटला भरेल, असे मी म्हणत नाही. पण भीती कायद्याची कलमे वाचून येत नसते. ज्याने कोठून घेतली, कोणाबरोबर घेतली हे सारे ओठांवर आणले आहे, त्याला समोरचा फोन उलटा ठेवलेला दिसला, तर तो गप्प होईल. आणि व्यसनी माणूस गप्प झाला, की पुढचे ठरलेलेच.

*

दुसरी बाजूही नीट ऐकली पाहिजे, कारण ती पोकळ नाही. २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात मुक्तांगण सुरू झाले. डॉ. सुनंदा आणि डॉ. अनिल अवचट यांनी, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या पाठबळाने ते उभे केले. त्यापूर्वी मराठी मध्यमवर्गीय घरात व्यसन हा शब्द कुजबुजण्यापुरता होता. अवचटांच्या लेखनाने आणि मुक्तांगणच्या कामाने तो दिवाणखान्यात आला. व्यसन हा आजार आहे, त्यातून माणूस उठतो, हे लोकांना दिसले. आणि दिसले ते उठलेली माणसे पाहूनच. सगळेच झाकून बसले, तर लोकांना फक्त गटारात पडलेला दारुडा दिसणार, सावरलेला कधीच दिसणार नाही. मग कलंक धुतला कसा जाणार? अमेरिकेतही मार्टी मान या बाईने १९४४ मध्ये हाच विचार करून आपली ओळख उघड केली आणि मद्यपाशाबद्दल लोकशिक्षणाचे मोठे काम उभे केले.

माझे म्हणणे असे, की इथे दोन प्रश्न एकमेकांत मिसळले जातात. 'मी पीत होतो, आता पीत नाही' हे सांगण्याचा अधिकार ज्याचा त्याला आहे. त्याने ते सांगावे. सांगणाऱ्यांची समाजाला गरजही आहे. त्यासाठी गटाचे नाव, बैठकीची जागा आणि शेजारी बसलेल्याचा चेहरा यांतले काहीही लागत नाही. माझी गोष्ट माझी आहे, पण माझ्या गोष्टीत आलेला दुसरा माणूस माझा नाही. आणि ज्याने अजून सहा महिनेही काढले नाहीत, त्याला लोकशिक्षणासाठी मंचावर उभे करणे म्हणजे प्लास्टर ओले असताना त्या पायावर नाचायला लावणे आहे.

खरी अवघड जागा बायकोची आहे. मार तिने खाल्ला, उसनवारी तिने फेडली, सासरी-माहेरी सोंग तिने वठवले. आता नवरा अनामिक आणि तीही मुकी, हा कोठला न्याय? इथे मला वाटते, तिच्या दुःखाचा मालक नवरा होऊ शकत नाही. तिने काय सोसले ते आईला, बहिणीला, अल-ॲनॉनच्या बैठकीत, आणि गरज पडली तर पोलिसात सांगण्याचा तिचा अधिकार शाबूत आहे. अनामिकता ही मारहाणीवर पांघरूण घालण्यासाठी नाही. बाहेर कोणाला कळू नये, या सबबीखाली घरात जो दबाव चालतो, त्याला हा शब्दच लावू नये. मात्र तिनेही रागाच्या भरात किंवा आनंदाच्या भरात 'माझे मिस्टर अमुक गटात जातात' असे नातेवाइकांच्या व्हॉट्सॲपवर टाकले, तर ती आपल्या दुःखाबरोबर त्या खोलीतल्या इतरांचाही आडोसा काढून घेते. तिने तिची गोष्ट सांगावी. खोलीचा पत्ता सांगू नये.

*

कायद्याने हे काम होईल का? काही प्रमाणात झाले आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्वाळा दिला. त्याच वर्षीच्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू आणि अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मानसिक विकारांचाही समावेश आहे. उपचार घेणाऱ्याचा फोटो किंवा माहिती त्याच्या संमतीवाचून प्रसारमाध्यमांना देता येत नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. पण हा कायदा प्रामुख्याने उपचार करणाऱ्या संस्थेला आणि तिथल्या लोकांना बांधतो. चार मद्यपी एकत्र येऊन भरवलेली बैठक ही संस्था नव्हे, आणि हौसेने फोटो टाकणारा मित्र डॉक्टर नव्हे. कायद्याचा हात जिथे संपतो तिथे सभ्यता सुरू होते. ती शिकवावी आणि शिकावी लागते.

त्यासाठी फार मोठे काही करायचे नाही. बैठक सुरू होण्यापूर्वी फोन बंद करून पिशवीत टाकावेत. वाढदिवसाला फोटोऐवजी गूळ-खोबरे वाटावे. फोनवरच्या गटाला 'गुरुवार मंडळी' असे साधे नाव द्यावे आणि नव्या माणसाला विचारल्यावाचून त्यात ओढू नये. मित्राचा नंबर ठेवताना त्याच्या नावाला शेपूट जोडू नये. फोनवरची बैठक कानात यंत्र घालून, आडनाव न दाखवता ऐकावी. आणि बाजारात, लग्नात, गिरणीच्या फाटकावर गटातला माणूस भेटला, तर त्याने ओळख दाखवेपर्यंत आपण नुसते हसून पुढे जावे. नातेवाइकांच्या गटात असा एखादा फोटो आलाच, तर तो पुढे न धाडता पाठवणाऱ्याला बाजूला घेऊन 'एवढा काढून टाका ना, भाऊ' असे सांगावे. एवढे आपल्यापैकी कधीही थेंब न घेतलेल्यालाही करता येईल.

कोणी विचारेल, एका फोटोने असे काय आभाळ कोसळते? सहांतल्या पाचांचे कदाचित काहीच बिघडणार नाही. हिशेब त्यांचा नाहीच. कडोदऱ्याच्या एखाद्या खोलीत एकजण आज संध्याकाळी पाळी संपवून पलंगावर बसला आहे. कोणीतरी त्याला बैठकीची वेळ आणि जागा सांगितली आहे. तीन आठवडे तो ती चिठ्ठी पाकिटात घेऊन हिंडतो आहे. आज जावे, असे त्याने जवळजवळ ठरवले आहे. हातात फोन आहे, बोट वर-खाली चालले आहे, आणि तिथे त्याला तो केक, ती माणसे, ती खोली दिसते. खोली त्याच्या साडूच्या ओळखीची आहे. तो चिठ्ठी पाकिटात परत ठेवतो.

या माणसाची नोंद कोठेही होत नाही. जे आले त्यांना मोजता येते. न आलेल्याला मोजता येत नाही. तो तक्रार करीत नाही, कारण आपण काय गमावले ते त्यालाही ठाऊक नसते. बैठकीतल्या सर्वांनी मिळून जे मौन पाळायचे, ते मुख्यतः त्याच्यासाठी आहे. आत बसलेल्या प्रत्येकासाठी त्याच्या आधी आलेल्या कोणीतरी ते पाळलेले होते. म्हणून तो एका संध्याकाळी, कोणाला न सांगता, त्या जिन्याच्या पायऱ्या चढू शकला. ते देणे फेडायचे तर पुढच्यासाठी जिना तसाच अंधारा ठेवला पाहिजे आणि वरच्या खोलीत दिवा लावून बसले पाहिजे.